पाळणे

पत्र आलं ते बिलांच्या गठ्ठ्यात, जाड कागदाचं.
कलम सात, पोटकलम चार:
या वसाहतीत कोंबड्या, बदकं, डुकरं आणि तत्सम
ठेवता येणार नाहीत.
'तत्सम'पाशी मी जरा वेळ थांबले.

वसाहतीचं नाव हेरन्स ग्लेन, म्हणजे बगळ्यांची दरी.
बगळा मी इथे एकदाच पाहिला,
तळ्याकाठी, प्लास्टिकचा,
खऱ्या बगळ्यांनी येऊ नये म्हणून उभा केलेला.

माझ्या तीन. राणूबाई, गजरी
आणि मिसेस पॉवेल. हे नाव मुलीनं ठेवलं,
तिसरीतल्या बाईंसारखी मान वळवते म्हणून.
मुलगी आता ऑस्टिनला. फोनवर आधी त्यांची चौकशी करते,
मग माझी.
कोंबडा नाही, त्यामुळे झाकायचा प्रश्नच नाही.
एपेक्समध्ये तांबडं फुटतं ते लीफ ब्लोअरच्या आवाजानं,
आणि त्याबद्दल नियमांत चकार शब्द नाही.

सुनावणी क्लबहाउसात, गुरुवारी सात वाजता.
पाच खुर्च्या, लिंबाची बिस्किटं, भिंतीवर घड्याळ.
मला तीन मिनिटं.
अध्यक्ष लोरेन प्रुइट यांनी चष्म्यावरून विचारलं,
ही शेतीची जनावरं म्हणायची की पाळीव?

चोवीस वर्षं झाली मला या देशात.
घराच्या कर्जाचे कागद मी स्वतः वाचलेत, ओळ न् ओळ.
पण त्या क्षणी आतून मराठीच वर आलं:
आम्ही कोंबडी पाळतो, नियम पाळतो,
शब्द पाळतो, पथ्य पाळतो, सुतक पाळतो,
एकाच क्रियापदाच्या खुराड्यात सगळं दाटीवाटीनं बसतं.
आणि कुंपणावरून कुणी बघत राहिलं
तर त्यालाही पाळतच म्हणतो.
याचं इंग्रजी होईपर्यंत दोन मिनिटं गेली.
मी म्हटलं, त्या मला ओळखतात.
कुणीतरी खोकलं.
तुमच्या बिस्किटांतही अंडं आहे, असं म्हणायचं होतं.
राहून गेलं.

पाच विरुद्ध शून्य. लोरेनचा हात सगळ्यांत आधी वर.
तीच लोरेन, जिच्या दारात मी दोन वर्षं
दर रविवारी सहा अंडी ठेवत आले,
आणि जी पुठ्ठ्याचा रिकामा खोका
रबर बँड लावून माझ्या पायरीवर परत ठेवायची.
नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांत
त्याला तेवढंच जात होतं,
अर्धकच्चं, वर मिठाची चिमूट.

मुदत तीस दिवस.
गजरीला कोण सांगणार? ती खुडूक बसली आहे,
पिसं फुलवून, डोळे काचेचे करून,
मागच्या गोल्फ कोर्सवरून उडून आलेल्या चेंडूवर.
तिचा हिशेब एकवीस दिवसांचा.
हात घातला की टोचते, उठत नाही.

पिट्सबरोजवळच्या शेतावरचा क्लेटन
पंधरा तारखेला ट्रक घेऊन येतो म्हणालाय.
खुराडंही नेईल. गवतावर
चौकोनी पिवळा डाग राहील,
त्याबद्दलही एखादं कलम असेलच.

आज रविवार. पायरीवर खोका.
रिकामा, रबर बँड लावलेला, नेहमीसारखा.
परत केलाय की पाठवलाय? चिठ्ठी नाही.
त्या सहा खळग्यांकडे मी बराच वेळ बघत बसले.
मग पाच अंडी ठेवली, पुसून,
आणि सहाव्यात गजरीचा चेंडू.
तो काढताना तिनं माझ्या मनगटातून रक्त काढलं.
चेंडू अजून गरम होता,
खरं सांगते, अंड्यापेक्षाही गरम.

लोरेनच्या दारापर्यंत गेले
सिमेंटच्या पायवाटेवरून,
कुणाच्याच गवतावर पाय न ठेवता.
नियम पाळून.